आल्बेरिखचा झगा

जर्मन वीरकथांमध्ये आल्बेरिख नावाचा एक बुटका आहे. त्याच्यापाशी एक मायावी झगा असतो. तो अंगावर घेतला की माणूस दिसेनासा होतो. आपल्याकडचा झगा ‘मला बघा’ म्हणतो. हा ‘मला बघू नका’ म्हणणारा! पुढे सीगफ्रीड त्या बुटक्याला नमवतो आणि झगा घेऊन चालता होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाने आपल्या एका गुप्त योजनेला या आल्बेरिखचेच नाव दिले.

त्या वेळी पाणबुडीचा खरा वैरी डोळा नव्हता, कान होता. शत्रूची जहाजे पाण्यात ध्वनीची हाक सोडत, ती पाणबुडीच्या पोलादावर आपटून परत येई आणि त्या प्रतिध्वनीवरून ठावठिकाणा कळे. जर्मनांनी काय केले? पाणबुडीला सुमारे 4 मिलिमीटर जाडीच्या रबराचे अस्तर चिकटवले आणि त्या रबरात बारीक बारीक छिद्रे ठेवली. छिद्रांत होती निव्वळ हवा. शत्रूची हाक त्या छिद्रांत विरू लागली. यू-480 ही असा झगा ल्यालेली पाणबुडी ऑगस्ट 1944 मध्ये इंग्लिश खाडीत शिरली. कॅनडाची ‘आल्बर्नी’ ही युद्धनौका तिने बुडवली आणि त्यात 59 खलाशी गेले. तिचा स्वतःचा अंत 1945 साली एका सुरुंगाने झाला. सुरुंग प्रतिध्वनीची वाट पाहत नाही, तेव्हा त्याच्यापुढे झग्याची मात्रा चालली नाही. तिच्यावरचे 48 जणही समुद्राने घेतले.

छिद्रातल्या हवेने आवाज कसा गिळला? रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठराविक सुरात हुंकारते, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असते. बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी दबते नि फुलते. याला अनुनाद म्हणतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात असेच पोकळ गोळे करून गुंतागुंतीच्या आवाजातले सूर वेगळे काढले. मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञाने 1933 साली दाखवून दिले, की पाण्यातला साधा बुडबुडाही असाच वाजतो. ओढ्याची खळखळ म्हणजे बुडबुड्यांचेच गाणे! 1 सेंटीमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 326 वेळा कंप पावतो. त्या सुराची पाण्यातली लाट साडेचार मीटरांहून लांब असते. पण एवढीशी हवा त्या लाटेला अडवते आणि तिचे बळ शोषून घेते. हे शोधणाऱ्या मिनार्टलाच पुढे, 1942 ते 1944 या काळात, जर्मनांनी ओलीस म्हणून डांबून ठेवले होते.

युद्ध संपले. कूस्तोच्या 1956 च्या गाजलेल्या चित्रपटाचे नाव ‘निःशब्द जग’ अशा अर्थाचे होते. समुद्राला मुका समजण्याचा तो काळ. प्रत्यक्षात तिथले जीव कानांवर जगतात. उत्तर समुद्रातला पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचा लहानखुरा भाऊबंद, प्रतिध्वनीवरूनच भक्ष्य शोधतो. एकविसाव्या शतकात त्याच्या अंगणात पवनचक्क्या आल्या. स्वच्छ विजेसाठी समुद्रतळात पोलादी खांब ठोकायचे, तर प्रचंड घणाचे हजारो घाव घालावे लागतात. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह येथील खांब ठोकताना सुमारे 20 किलोमीटरपर्यंतचे पॉरपॉइज दूर पळाल्याचे आढळले. जर्मनीने मर्यादा घातली : खांबापासून 750 मीटरवर एका घावाचा आवाज 160 डेसिबलांच्या पुढे जाता कामा नये. (पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल यांचे माप एक नव्हे, हे ध्यानात ठेवावे.)

मग पुन्हा हवेचीच आठवण झाली. तळाशी छिद्रे पाडलेली नळी अंथरायची, तिच्यातून दाबाने हवा सोडायची आणि खांबाभोवती बुडबुड्यांचा पडदा उभा करायचा. पण बुडबुडा मोठा लहरी. तो फुटतो, प्रवाहाबरोबर वाहवतो आणि आपल्याला हव्या त्या आकाराचा राहत नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील प्रेस्टन विल्सन, मार्क वॉख्नर प्रभृतींनी बुडबुड्याला घर बांधून दिले. पेला उपडा करून पाण्यात बुडवला की आत हवा कोंडून राहते ना, तसे पेल्यांसारखे अनुनादक ओळीने चौकटीत बसवायचे आणि खांबाभोवती चिकाच्या पडद्यासारखे सोडायचे. पेल्याचा आकार ठरवला की सूरही ठरतो. घणाच्या आवाजात जो सूर जोरकस, नेमका तोच अडवता येतो. खोल पाण्यात हवा आवळली जाते, तेवढा हिशेब मात्र धरावा लागतो. 2014 साली जर्मनीच्या बूटेंडीक पवनक्षेत्रात या पडद्याची समुद्रात परीक्षा झाली.

1944 आणि 2014! मध्ये सत्तर वर्षांचे अंतर. पाण्यातली कोंडलेली हवा आवाज अडवते, हे ज्ञान या काळात हरवले नव्हते. पाणबुड्यांवर रबरी आवरणे चढतच राहिली. मारण्यासाठी लपायचे होते, तेव्हा गरज पडताच खजिने उघडले. मुक्या म्हणवल्या जाणाऱ्या जिवांना शांतता द्यायची वेळ आली, तेव्हा मात्र आधी कायदा व्हावा लागला. जर्मन पर्यावरण मंत्रालयाचे उत्तर समुद्रासाठीचे ध्वनिरक्षणाचे धोरण 2013 चे.  हा पडदा सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. खांब एका जागी ठोकला जातो म्हणून त्याभोवती पडदा सोडता येतो. सातही समुद्रांत घरघरत फिरणाऱ्या जहाजांना तो कसा गुंडाळणार? त्यांचे पंखे आणि त्यांची यंत्रे मुळातच शांत करावी लागतील.

आल्बेरिखचा झगा कथेत बळाने हिरावला गेला. समुद्रातला झगा आता पॉरपॉइजच्या वाट्याला येऊ लागला आहे. तो विणायचा कसा, हे माणसाला ठाऊक आहे. कुणासाठी विणायचा, एवढाच प्रश्न आहे.