स्पर्शाची सीमा : कबड्डीतील पकडीच्या नियमांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

आक्रमण करणाऱ्या खेळाडूच्या अंगाला बचाव करणाऱ्याने केव्हा, कोठे आणि कसा हात लावावा, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात मात्र खेळाचा स्वभावच या प्रश्नाच्या उत्तरातून घडत जातो. क्रिकेटमध्ये असा संपर्क अपेक्षितच नसतो. कुस्तीत संपर्क हेच सर्वस्व असते. कबड्डी या दोहोंच्या मधल्या, काहीशा अडचणीच्या जागेवर उभी आहे. तेथे स्पर्शाने गडी बाद होतो आणि पकडीनेही होतो; परंतु प्रत्येक स्पर्श ग्राह्य नसतो आणि प्रत्येक पकड वैध नसते. क्रीडाविषयक मराठी लेखनात विजेते, विक्रम आणि संस्था यांच्या नोंदी विपुल आढळतात. नियमांच्या इतिहासाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. चढाई करणारा आणि त्याला पकडणारे यांच्यातील शारीरिक संपर्काची सीमा महाराष्ट्रात घडलेल्या नियमांनी कशी आखली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. तुलनेसाठी कोल्हापूरची कुस्तीपरंपरा आणि अमेरिकन फुटबॉल ही दोन क्षेत्रे घेतली आहेत.

तालमीतील पकड आणि मैदानातील पकड

कोल्हापुरात पकड या शब्दाचा पहिला अर्थ कुस्तीतून येतो. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कुस्तीला जो राजाश्रय लाभला, त्यातून गावोगावच्या तालमी उभ्या राहिल्या. १९०२ च्या युरोप प्रवासात महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि पुढे १९१२ च्या सुमारास खासबाग मैदान आकारास आले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत घडलेल्या पैलवानाला पट काढणे, कैची घालणे, मानेवर दाब देऊन प्रतिस्पर्ध्याला खाली आणणे हे सारे अंगवळणी पडलेले असते. मातीवरील पारंपरिक कुस्तीत गुणांची मोजदाद नसते. कुस्ती निकाली होते अथवा बरोबरीत सुटते. दोन्ही मल्ल एकाच वेळी आक्रमक आणि बचावक असल्याने कोणाला अधिक संरक्षण द्यावे, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

कबड्डीत तो पहिल्या क्षणापासून उद्भवतो, कारण येथे एक गडी सातांच्या अंगणात एकटा शिरतो. तालमीत तयार झालेला तरुण कबड्डीच्या मैदानात उतरला की त्याच्या हाताला सवयीने जी पकड सापडते, ती अनेकदा नियमबाह्य असते. पायांची कैची हे याचे ठळक उदाहरण होय. कुस्तीत तो प्रतिष्ठित डाव आहे. कबड्डीच्या नियमांनी तो स्पष्टपणे निषिद्ध मानला आहे. धावत असलेल्या, श्वास रोखलेल्या आणि चहूबाजूंनी घेरलेल्या माणसाच्या पायांत पाय अडकविले तर त्याचा गुडघा अथवा घोटा जायबंदी होण्याचा धोका उघड आहे. कबड्डीने कुस्तीकडून ताकद व चपळाई घेतली. डाव मात्र निवडून घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

नियमांची लेखी घडण

हुतुतू या नावाने महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार रूढ होते. बाद गडी पुन्हा जिवंत होतो की नाही, यावर ते भेद आधारलेले होते. त्यामुळे एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की आधी नियमांवर बोलणी होत आणि मग खेळ होई. १९१८ मध्ये महाराष्ट्रात नियम एकत्र करण्याचा प्रयत्न झाला. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून प्रसिद्ध केले व त्यांनुसार स्पर्धा भरविली. पुढे १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना अधिक काटेकोर रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक घडविले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९५२ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाल्या.

या छापील नियमांतील संपर्कविषयक तरतुदी मोजक्याच, पण अर्थपूर्ण आहेत. चढाई करणाऱ्याला हातपाय अथवा धड यांखेरीज अन्य अवयवाला हेतुपुरस्सर धरता येत नाही; तसे धरणारा बाद ठरतो आणि पकडला गेलेला मात्र बाद होत नाही. म्हणजे केस, मान, तोंड ही ठिकाणे वर्ज्य ठरतात. तोंड दाबून किंवा गळा आवळून दम तोडण्याचा प्रयत्न केल्यास त्या पकडीचा लाभ बचाव करणाऱ्या संघाला मिळत नाही. बचाव करणाऱ्याने मध्यरेषेपलीकडच्या जमिनीला स्पर्श केल्यास तो स्वतःच बाद होतो. नखे कापलेली असावीत आणि अंगाला तेलकट पदार्थ लावलेला नसावा, या अटी किरकोळ वाटल्या तरी त्या एकमेकींना पूरक आहेत : पहिली पकडल्या जाणाऱ्याचे रक्षण करते, दुसरी पकडणाऱ्याचे.

यांतील सर्वांत महत्त्वाची तरतूद दमासंबंधीची आहे. नियमकर्त्यांनी चढाई करणाऱ्याला पकडीपासून संरक्षण दिलेले नाही. त्याच्या श्वासाला दिले आहे. चार जणांनी साखळी करून त्याला आडवे पाडावे, पायाला लोंबकळावे, कंबर धरून उचलावे, हे सारे मान्य आहे. परंतु त्याच्या तोंडचा शब्द त्याने स्वतःच संपविला पाहिजे. या एका भेदामुळे पकड ही दंडेली न राहता कसोटी ठरते.

पाच यार्डांची रेषा

अमेरिकन फुटबॉलमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. त्या खेळात १९०६ पासून चेंडू पुढच्या दिशेने फेकण्यास मान्यता मिळाली. फेकलेला चेंडू झेलण्यासाठी धावणारा गडी आणि त्याच्यावर पहारा ठेवणारा बचावपटू यांच्यातील झोंबाझोंबी तेव्हापासून नियमकर्त्यांची डोकेदुखी ठरली. चेंडू हवेत असताना झेलणाऱ्याला अडविणे हा गुन्हा मानला गेला. तथापि चेंडू फेकला जाण्यापूर्वी त्याला ढकलणे, रोखणे, धक्के देणे यांवर दीर्घकाळ फारसे बंधन नव्हते. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा मेल ब्लाउंट हा धिप्पाड बचावपटू यात इतका वाकबगार होता की १९७८ मध्ये व्यावसायिक लीगने केलेल्या बदलाला त्याचेच नाव चिकटले. आरंभरेषेपासून पाच यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार मीटरपर्यंत, बचावपटूने झेलणाऱ्याला अडवावे; त्यापुढे तसा संपर्क केल्यास दंड, असा हा नियम होता. बचाव वरचढ होऊन गुण आटल्याने खेळ रटाळ होत चालला आहे, ही व्यापारी चिंता त्यामागे होती, हे विसरता येत नाही.

कबड्डीतही मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर एक रेषा आहे. तिला निदान रेषा म्हणतात. दोन्ही अंतरे जवळपास सारखी असली तरी दोन्ही रेषांचा हेतू परस्परविरुद्ध आहे. अमेरिकन रेषा ओलांडली की आक्रमक सुरक्षित होतो. निदान रेषा मात्र आक्रमकाला धोक्यात जाण्यास भाग पाडते : कोणाला स्पर्श न करता ती न ओलांडताच जो परततो, तो बाद होतो. एका खेळाने आक्रमकाला मोकळी वाट दिली, दुसऱ्याने त्याच्यावर धैर्याची सक्ती केली.

दमाकडून घड्याळाकडे

कबड्डीही व्यापारी दबावातून सुटली नाही. बोनस रेषेमुळे, पुरेसे बचावपटू मैदानात असताना, कोणालाही स्पर्श न करता गुण मिळविण्याची सोय झाली. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये दोन चढाया निष्फळ गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे अनिवार्य झाले. याउलट तीन किंवा त्यांहून कमी बचावपटूंनी पकड केल्यास जादा गुण देऊन दुबळ्या बाजूला बळ देण्यात आले. दमाचा उच्चार आजही सक्तीचा आहे. परंतु चढाईची लांबी आता फुप्फुसे ठरवीत नाहीत, घड्याळ ठरविते. गळा आवळण्यावरील बंदीमागचा मूळ तर्क यामुळे काहीसा क्षीण झाला असून ती बंदी आता मुख्यतः सुरक्षिततेचा नियम म्हणून उरली आहे.

धक्क्याबाबतचा बदल अधिक खोल आहे. जुन्या नियमांत हेतुपुरस्सर ढकलून बाहेर काढणाऱ्यालाच बाद ठरविण्याची तरतूद होती. आज मॅटवरील सामन्यांत खांद्याने अथवा मांडीने धडक देऊन चढाईपटूला सीमेबाहेर फेकणे हे गुण मिळवून देणारे कौशल्य आहे आणि प्रेक्षक त्याला टाळ्या देतात. माती जाऊन मॅट आल्याने खरचटण्याचे भय कमी झाले व झेपावून केलेल्या पकडी वाढल्या, हेही त्यामागचे एक कारण असावे. मातीवरून मॅटवर जाताना नियमांची नवी भाषा शिकावी लागते, हा अनुभव कोल्हापूरला नवा नाही. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. मॅटवरील नियम व गुणपद्धती आत्मसात करून त्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले.

या बदलांशी आता उपजीविकाही जोडली गेली आहे. चंदगड तालुक्यातून आलेल्या सिद्धार्थ देसाई याने २०१८ मध्ये यू मुंबाकडून चढाईपटू म्हणून नाव मिळविल्यानंतर पुढच्याच वर्षीच्या लिलावात त्याच्यावर १ कोटी ४५ लाख रुपयांची बोली लागली. अशा खेळाडूचा गुडघा ही आता केवळ त्याच्या घरच्यांच्या काळजीची बाब राहिलेली नाही.

राखीव क्षेत्राचा वाद

मैदानाच्या दोन्ही कडांना एक मीटर रुंदीचे राखीव क्षेत्र असते; त्याला खेळाडू लॉबी म्हणतात. स्पर्श होऊन झटापट सुरू झाली की ते मैदानाचा भाग बनते, तोवर नसते. ही कल्पना अत्यंत सूक्ष्म आहे : स्पर्शामुळे जमिनीचाच दर्जा बदलतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८–२८ अशा बरोबरीत असताना हाच मुद्दा पेटला. पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला धरण्यासाठी इराणचे बचावपटूही तेथे शिरले. जुन्या नियमानुसार झटापटीविना तेथे शिरलेले बचावपटूही बाद, हे भारताचे म्हणणे. सुधारित नियमानुसार फक्त चढाईपटूच बाद, असा इराणचा आग्रह. पंचांचे निर्णय बदलत गेले, सामना सुमारे तासभर थांबला आणि अखेरीस भारत ३३–२९ असा विजयी झाला. निकालापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की एकाच सामन्यात दोन नियमपुस्तके एकमेकांसमोर उभी ठाकली होती. शंभर वर्षांपूर्वी गावच्या वेशीवर आधी नियमांची बोलणी होत, त्याची आठवण करून देणारीच ही घटना होती.

अमेरिकेत २० जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लीन्स येथे चेंडू पोहोचण्यापूर्वीच झेलणाऱ्याला दिलेली धडक पंचांच्या नजरेतून सुटली आणि यजमान संघ २६–२३ असा हरला. लीगने त्यानंतर अशा निर्णयांचे चित्रफितीवरून पुनरावलोकन सुरू केले. एका हंगामानंतर, २०२० मध्ये, ते बंद झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावच्या मैदानांवर चित्रफितीचा प्रश्नच येत नाही. तेथे राखीव क्षेत्राची रेषा फक्कीने आखलेली असते, पहिल्या दोन-चार झटापटींतच ती पुसट होते आणि स्पर्श आधी झाला की पाय आधी पडला, हे रेषेजवळ उभ्या असलेल्या पंचाला त्याच क्षणी सांगावे लागते.