राजगृहातील प्रश्न आणि प्रा. कॉनराड यांचे भाष्य

नियम कोणी करावेत, याविषयी विधिशास्त्रात विपुल लेखन झालेले आहे. परंतु केलेले नियम कोणी व कोठवर बदलावेत, हा प्रश्न अधिक बिकट आहे. बौद्ध संघापुढे तो तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर लगेचच उभा राहिला. भारतीय संविधानाच्या बाबतीत तो १९६५ साली एका जर्मन विधिप्राध्यापकाने बनारस येथे मांडला आणि पुढे आठ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला त्याचे उत्तर द्यावे लागले. या दोन प्रसंगांत काळाचे फार मोठे अंतर असले, तरी प्रश्न एकच आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

विनयाचे नियम एकदाच व कायमचे घालून दिलेले नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. प्रसंग घडे, शिक्षापद घातले जाई आणि अडचण दिसली की त्याला पुरवणी जोडली जाई. तिला 'अनुपञ्ञत्ति' म्हणतात. अवंती-दक्षिणापथात भिक्षू विरळ असल्यामुळे उपसंपदेसाठी दहा भिक्षू जमविणे कठीण जाई. सोण कुटिकण्णाने महाकच्चानाचा हा निरोप पोहोचविला, तेव्हा प्रत्यंत प्रदेशात विनयधरासह पाच भिक्षू पुरेत, अशी मुभा भगवंतांनी दिली. आपल्या अखेरच्या दिवसांत तर त्यांनी आनंदाला सांगितले की, आपल्या पश्चात संघाची इच्छा असल्यास त्याने क्षुद्रानुक्षुद्र शिक्षापदे रद्द करावीत.

पण क्षुद्र कोणती? राजगृहाच्या संगीतीत आनंदाने ही अनुज्ञा निवेदन केली, तेव्हा स्थविरांनी हाच प्रश्न विचारला आणि आपण तो भगवंतांना विचारला नाही, हे आनंदाला सांगावे लागले. चार पाराजिके वगळता बाकी सर्व क्षुद्र, असे कोणी म्हणाले. कोणी त्यांत तेरा संघादिसेसांची भर घातली, कोणी दोन अनियतांची, कोणी तीस निस्सग्गियांची, कोणी ब्याण्णव पाचित्तियांची. अखेर महाकश्यपाने ठराव मांडला की, नवे घालू नये व घातलेले मोडू नये. शास्त्याच्या चितेचा धूर विरेपर्यंतच श्रावकांनी नियम पाळले, असा बोल गृहस्थांकडून लागू नये. संघाने मौनाने संमती दिली. आनंदाच्या पदरी मात्र, वेळीच न विचारल्याबद्दल, दुक्कटाचा दोष आला.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात भिक्षुसंघाच्या या सभाशास्त्राचा, म्हणजे ठराव, गणपूर्ती व मतदान यांच्या नियमांचा, अभिमानाने उल्लेख केला होता. त्याच भाषणात, या सभेने आपल्या कृतीवर अंतिमतेचा शिक्का मारलेला नाही, अशी ग्वाहीही त्यांनी दिली. एका पिढीने पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवू नये, असा त्यांचा आशय होता. घटनादुरुस्तीचा मार्ग मोकळा ठेवल्याचा लाभ दलित-मागासांना लवकरच मिळाला. चंपकम दोराईराजन प्रकरणात ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्रास प्रांतातील प्रवेशांचे जातवार आरक्षण अवैध ठरविले. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) घालून तो अडसर दूर करण्यात आला. त्या समयी बाबासाहेब कायदामंत्री होते. तेव्हा दुरुस्ती म्हणजे संकटच, असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही.

प्रा. डीट्रिख कॉनराड हे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतील विधिविभागाचे प्रमुख होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या विधिशाखेत त्यांनी दुरुस्तीच्या अधिकाराच्या गर्भित मर्यादांवर व्याख्यान दिले. आजवर टोकाची दुरुस्ती न्यायालयापुढे आलेली नाही, म्हणून प्रश्न सुटला असे होत नाही. असे टोकाचे प्रसंग आधीच कल्पून पाहणे हे विधिज्ञाचे कर्तव्यच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यांनी असे प्रसंग मांडले. दोनतृतीयांश मतांनी जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम २१ काढून टाकता येईल काय? दुरुस्तीचा सारा अधिकारच पंतप्रधानांच्या सल्ल्याने वागणाऱ्या राष्ट्रपतीच्या हाती सोपविता येईल काय? संविधान रद्द करून पुन्हा मोगल बादशाही आणता येईल काय?

हे प्रश्न केवळ तर्कक्रीडा नव्हते. प्राध्यापकांच्या मायदेशात वायमार संविधानाचे कलम ७६ दोनतृतीयांश मतांनी दुरुस्तीला परवानगी देत होते, आणि त्या बहुमताचे सोपस्कार पाळूनच २३ मार्च १९३३ रोजी ४४४ विरुद्ध ९४ मतांनी हिटलरच्या मंत्रिमंडळाला कायदे करण्याचा अधिकार देण्यात आला. कम्युनिस्ट सभासदांना सभागृहाबाहेर ठेवण्यात आले होते. विरोध केला तो केवळ सोशल डेमोक्रॅटांनी. या अनुभवाने शहाणे होऊन १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्याने कलम ७९(३) मध्ये मानवी प्रतिष्ठेसारखी तत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवली. आपल्या कलम ३६८ मध्ये तसे शब्द नाहीत. कॉनराड यांचा मुद्दा असा की, संविधानानेच निर्माण केलेली संस्था ज्या आधारस्तंभांवर उभी आहे, तेच ती पाडू शकत नाही, मग अधिकार शब्दशः कितीही अमर्याद असो.

गोलकनाथ प्रकरणात (१९६७) विधिज्ञ एम. के. नांबियार यांनी हा युक्तिवाद न्यायालयापुढे ठेवला. सरन्यायाधीश सुब्बाराव यांना त्यात तथ्य वाटले, पण त्यांनी निर्णय अन्य आधारावर दिला. पुढे केशवानंद भारती प्रकरणी तेरा न्यायाधीशांपुढे ६८ दिवस सुनावणी झाली आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा मतांनी निर्णय लागला: संसदेला संविधानाच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करता येईल, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. न्या. खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा आधार घेतला आहे.

येथे राजगृहाची आठवण अपरिहार्य ठरते. बहुमतातील न्यायाधीशांच्याही याद्या एकसारख्या नाहीत. सरन्यायाधीश सिक्री यांनी पाच तत्त्वे सांगितली, त्यांत धर्मनिरपेक्षता व संघराज्य होते, न्या. शेलत व न्या. ग्रोव्हर यांनी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि कल्याणकारी राज्य यांचा समावेश केला, न्या. जगन्मोहन रेड्डी यांनी उद्देशिकेचा आधार घेतला. मतभेद मिटेना म्हणून संघाने काहीच न बदलण्याचा मार्ग पत्करला. न्यायालयाने मात्र बदलाची वाट मोकळी ठेवली, पण पाराजिकांची यादी अपुरी ठेवून.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात एक रास्त शंका येईल. हे प्रकरण एका मठाधिपतीने केरळच्या जमीनसुधारणेविरुद्ध आणले होते. मग हा सिद्धांत जमीनदारांची ढाल नव्हे काय? याचे उत्तर निकालातच आहे. त्या जमीन कायद्यांना संरक्षण देणारी २९ वी दुरुस्ती न्यायालयाने वैध ठरविली आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत चौकटीत मोडत नाही, असे न्या. खन्ना यांनी नोंदविले. पुढे १९७५ साली पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयीन तपासणीपलीकडे नेणारी तरतूद याच सिद्धांतामुळे रद्द झाली. दुरुस्तीचा अधिकार अमर्याद करणारी ४२ व्या दुरुस्तीतील कलमे १९८० साली मिनर्व्हा मिल्स प्रकरणात कोसळली, आणि १९९४ साली बोम्मई प्रकरणात धर्मनिरपेक्षता हा संविधानाचा मूलभूत घटक असल्याचे पुन्हा सांगितले गेले.

तथापि न्यायालय नेहमीच तारील, असेही नव्हे. १०३ व्या दुरुस्तीने आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्के आरक्षण दिले, पण त्यातून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांतील गरिबांना वगळले. हे वगळणे समतेच्या मूळ तत्त्वावर आघात करते, असे न्या. रवींद्र भट व सरन्यायाधीश उदय लळित यांनी ७ नोव्हेंबर २०२२ रोजी म्हटले. परंतु ते अल्पमतात राहिले. तीन विरुद्ध दोन मतांनी दुरुस्ती टिकली. सात विरुद्ध सहा, तीन विरुद्ध दोन: एवढ्या अरुंद कड्यावर आपली समता उभी आहे.

राजगृहानंतर शंभर वर्षांनी वैशालीत दहा वस्तूंचा वाद उभा राहिला. वज्जीपुत्तक भिक्षू उपासकांकडून सोने-नाणे स्वीकारीत होते. त्याला हरकत घेणाऱ्या यश काकंडकपुत्ताला त्यांनी उपासकांची क्षमा मागण्याचा दंड दिला. तो उपासकांपुढे गेला, परंतु क्षमा मागण्याऐवजी त्याने त्यांना भगवंतांचे वचन समजावून सांगितले, आणि उपासकांनी त्यालाच खरा श्रमण मानले. सातशे भिक्षूंची सभा व आठ स्थविरांचा निवाडा नंतर झाला. नियम आधी लोकांच्या मनात वाचला होता.

बाबासाहेब ज्याला संवैधानिक नीती म्हणत, ती हीच. आनंदाने विचारावयाचे राहून गेले ते प्रा. कॉनराड यांनी वेळेवर विचारले, हे त्यांच्या भाष्याचे ऋण आहे. संविधानातील पाराजिके कोणती व क्षुद्रानुक्षुद्र कोणती, हे आपल्या विहारांतून, अभ्यासवर्गांतून आणि घराघरांतून आपण आजच विचारले पाहिजे. संकट दारात आल्यावर विचारू म्हणणाऱ्यांच्या पदरी दुक्कटच येते.