रब्बीवाचून राहिलेली जमात आणि मुख्य रब्बी

कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांना रब्बी नव्हता. लग्नकार्याला काजी येई, तंट्याला मुकादम बसे. १७९६ साली सामुएल दिवेकरांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले.

१९४८ नंतर यांतले पुष्कळजण इस्राएलला गेले. तेथला मुख्य रब्बी नुसता धर्मोपदेशक नव्हे. ज्यूंची लग्ने त्याच्याच यंत्रणेकडून नोंदली जातात. बगदादेत जन्मलेले यित्झाक निस्सिम हे सेफार्दी मुख्य रब्बी असता १९६२ साली आदेश निघाला: बेने इस्राएलाला इतर ज्यूंत लग्न करावयाचे तर आईकडच्या पिढ्या तपासा. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्यांकडे पुरावा मागितला! आपल्या पिंपरी-चाकणला वर्षानुवर्षे राबलेल्या कंत्राटी कामगाराकडे हजेरीचा कागद मागतात, तशातलाच हा प्रकार.

१९६४च्या उन्हाळ्यात या मराठी माणसांनी जेरुसलेमला ठिय्या दिला. ऑगस्टात संसदेची खास बैठक भरली. ते सर्वार्थाने ज्यूच आहेत, असे सरकारने तेथे जाहीर केले. मग आदेशातून 'बेने इस्राएल' हे नाव गळले. संशय येईल त्याची तपासणी मात्र राहिली, आणि निस्सिमही १९७२ पर्यंत पदावर राहिले.