सिगारेट एकटा सोडतो की सगळे मिळून? एका संशोधन-प्रश्नाचा इतिहास

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "रिसर्च क्वेश्चन काळानुसार बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?" व्याख्या सांगून हे कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेतो. विषय आपल्या सगळ्यांच्या नाकासमोरचा आहे, अगदी शब्दशः. विद्यापीठाच्या गेटबाहेर बघा, नाहीतर इथे हर्सूल टी पॉइंटला. चहाच्या टपरीवर दोन्ही बोटांत काहीतरी धरून उभे असलेले निम्मे लोक कधी ना कधी "आता सोडणार" म्हणालेले असतात. त्यातल्या काहींची सुटते, बाकीच्यांची सुटत नाही. असं का होतं, हा प्रश्न शास्त्राने वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलाय, आणि त्यातला बराचसा इतिहास आपल्या महाराष्ट्रातल्या माणसांनी घडवलेला आहे.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या बाजूने दख्खनेत आली. उत्तरेत ती कशी गेली याची नोंद मात्र फार मजेदार आहे. अकबराने असद बेग नावाच्या सरदाराला विजापूरला आदिलशहाकडे पाठवलं होतं. तो १६०४ च्या सुमारास परतला तेव्हा भेटवस्तूंमध्ये तंबाखू आणि एक रत्नजडित चिलीम घेऊन आला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की बादशहाने थोडी ओढून पाहिली, हकिमाने विरोध केला, दरबारात वाद झाला. अकबराला काही सवय लागली नाही. पण असद बेगने सोबत आणलेली तंबाखू चार-पाच सरदारांना वाटली, मग त्यांचं बघून इतरांनी मागितली, आणि थोड्याच दिवसांत व्यापारी ती विकायला लागले. म्हणजे तंबाखू पसरली ती एकाचं बघून दुसऱ्याने, या पद्धतीने. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. त्याच नोंदीत त्याने खान आलम या आपल्या वकिलाचाही किस्सा दिलाय. खान आलम इराणला शाह अब्बासकडे गेला होता. शाहने आपल्याकडे तंबाखूला मनाई केलेली, आणि हे महाशय तिच्याशिवाय राहूच शकत नव्हते. शेवटी शाहला त्यांच्यापुरती सूट द्यावी लागली. दोन बादशहांचे हुकूम एका माणसाची सवय सोडवू शकले नाहीत. 'व्यसन' हा शब्द वैद्यकीय अर्थाने वापरात यायच्या कितीतरी आधीची ही केस आहे.

मधली तीनशे वर्षं मी गाळतो, कारण त्या काळात प्रश्न जवळपास तोच राहिला: तंबाखू चांगली की वाईट? सवय म्हणजे शील, आणि ती सुटली नाही तर माणूस कमकुवत. आपल्याकडे वारकरी परंपरेत माळ घालायची पद्धत मात्र वेगळी होती. माळ चार लोकांच्या साक्षीने घातली जाते, आणि एकदा गळ्यात दिसली की दारू-मटणाचा आग्रह कोणी करत नाही. संकल्प माणसाचा, पण राखण गावाची. (तंबाखूच्या पुडीला मात्र या माळेची फारशी भीती वाटत नाही, हे वारीत चाललेल्या कोणालाही विचारा.)

खरा बदल १९५० नंतर झाला. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, १९६४ ला अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. पण आपल्याकडचा प्रश्न निराळा होता. इथे तंबाखू ओढण्याइतकीच, किंबहुना जास्त, चघळली जाते, घासली जाते. त्यामुळे इथला शोध फुफ्फुसाऐवजी तोंडापासून सुरू झाला.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. आपण तिला भौतिकशास्त्र आणि गणितासाठी ओळखतो. पण तिथे दंत-संशोधनाचं एक युनिट होतं, आणि डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख. या लोकांनी काय केलं? आधी मुंबईच्या पोलिसांची तोंडं तपासली आणि दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. मग साठच्या दशकात घरोघर जाऊन खेड्यांतली पाहणी सुरू केली. पुणे जिल्ह्यात त्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. हा पेपर १९७२ ला छापून आला, शीर्षकातच तो आकडा आहे. एक लाख! आपल्याला शंभर सॅम्पल गोळा करताना घाम फुटतो. या पाहण्यांतून तंबाखूची सवय आणि तोंडातले पांढरे चट्टे, म्हणजे ल्युकोप्लेकिया, यांचं नातं पक्कं होत गेलं.

इथपर्यंत प्रश्न होता, 'तंबाखूने काय होतं?' यानंतर त्यांनी जे केलं ते मला संशोधक म्हणून जास्त धाडसाचं वाटतं. त्यांनी प्रश्नच बदलला: लोकांना सोडायला मदत केली, तर आजार कमी होतो का?

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या काळी बऱ्याच जणांचं मत होतं की खेड्यातला, फार न शिकलेला माणूस वर्षानुवर्षांची सवय सांगून सोडणार नाही. या गटाने केरळातला एर्नाकुलम, गुजरातेतला भावनगर आणि आंध्रातला श्रीकाकुलम असे तीन जिल्हे निवडले. श्रीकाकुलममध्ये चुट्ट्याचं पेटलेलं टोक तोंडात धरून ओढायची पद्धत आहे, आणि त्यात बायका पुढे. एकूण ३६ हजारांवर तंबाखू वापरणारे लोक. दरवर्षी घरी जाऊन तपासणी, समोर बसून सल्ला, शिवाय फिल्म, पोस्टर, रेडिओ, वर्तमानपत्रं. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ ला 'लॅन्सेट'मध्ये आले. सल्ला मिळालेल्या गटात सवय सोडणारे जास्त निघाले आणि नव्या ल्युकोप्लेकियाचं प्रमाण बरंच कमी.

आता परीक्षकाच्या खुर्चीत बसून बघा. तुलनेचा गट कुठला? त्याच भागांत आधी केलेल्या दहा वर्षांच्या अभ्यासातला. म्हणजे 'हिस्टॉरिकल कंट्रोल'. मधल्या काळात तंबाखू महागली असेल, लोक शिकले असतील, तर फरक सल्ल्यामुळे की काळामुळे? हा आक्षेप रास्त आहे. पण ज्यांची तोंडं तपासून चट्टे दिसलेत अशा लोकांचा एक गट निव्वळ तुलनेसाठी सल्ल्याविना ठेवायचा का, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. मेथडॉलॉजीच्या पुस्तकात हे दोन्ही आक्षेप वेगवेगळ्या प्रकरणांत असतात, पण फिल्डवर ते एकदमच समोर येतात.

या अभ्यासात मदत बाहेरून येत होती: डॉक्टर येणार, सांगणार, जाणार. पुढची पायरी होती शेजारच्या माणसाची. ती मला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या एका छोट्या अभ्यासात सापडली. ग्रामीण महाराष्ट्रातला एक रासायनिक कारखाना, १०४ कर्मचारी, त्यातले ४८ टक्के तंबाखू वापरणारे. व्याख्यानं झाली, गटचर्चा झाल्या, गरज पडली तिथे औषधं दिली. कारखान्याच्या दवाखान्यातल्या लोकांना प्रशिक्षण दिलं. आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावलं, हे महत्त्वाचं. प्रत्येक फेरीगणिक सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं आणि वर्षाअखेर ४० टक्क्यांवर पोचलं. २००९ च्या या पेपरात लेखक सांगतात की सगळ्या कारखान्यात एकमेकांना सोडायला मदत करणारा एक चांगल्या अर्थाचा दबाव तयार झाला होता. असद बेगच्या तंबाखूसारखंच, पण उलट्या दिशेने.

लगेच टाळ्या वाजवू नका. १०४ चे ४८ टक्के म्हणजे साधारण ५० माणसं, आणि त्यांचे ४० टक्के म्हणजे २०. तुलनेचा गट नाही. टक्केवारी वाचली की कंसातला आकडा शोधायची सवय आत्तापासून लावून घ्या, व्हायवाला कामी येईल.

आणि 'सोडली' हे ठरवायचं कसं? माणूस खोटं बोलू शकतो, विशेषतः साहेब आणि बायको दोघंही ऐकत असताना. म्हणून लघवीतलं कोटिनिन तपासलं. निकोटिन शरीरात मोडलं की कोटिनिन बनतं. तोंडी उत्तर आणि चाचणी ९६ टक्के जुळलं. मी बायोकेमिस्ट्रीचा, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी: कोटिनिनचं अर्धायुष्य एका दिवसाहूनही कमी असतं. म्हणजे चाचणी गेल्या तीन-चार दिवसांचं सांगते, वर्षभराचं नाही. वर्षाचा हिशोब शेवटी माणसाच्या शब्दावरच.

त्याआधी २००८ मध्ये ख्रिस्ताकिस आणि फाऊलर यांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमची माहिती तपासली होती: १२,०६७ माणसं, १९७१ ते २००३. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली की दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्राने सोडली की ३६, भावंडाने सोडली की २५, आणि छोट्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने सोडली की ३४. लोक घोळक्याने सोडतात, असं त्यांचं म्हणणं. यावर टीकाही झाली, कारण सारख्या स्वभावाची माणसंच मित्र होतात, मग परिणाम मैत्रीचा की स्वभावाचा, हे सुटं करणं अवघड.

हे सुटं करायचं तर गट चिठ्ठ्या टाकून पाडावे लागतात. नवी मुंबईच्या 'हिलिस' संस्थेचे डॉ. प्रकाश गुप्ता (हे मूळचे टीआयएफआरच्याच त्या गटातले), मंगेश पेडणेकर आणि अमेरिकेच्या ग्लोरियन सोरेन्सन यांनी ते बिहारमधल्या ७२ सरकारी शाळांतल्या शिक्षकांवर केलं. निम्म्या शाळांत मुख्याध्यापक आणि शिक्षक मिळून तंबाखूवर नियमित चर्चा घडवायचे. कार्यक्रम संपताच ३० दिवस तंबाखूमुक्त असलेले तिथे ५० टक्के, बाकीच्या शाळांत १५. नऊ महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा सहा महिने टिकलेले १९ टक्के विरुद्ध ७, आणि पी व्हॅल्यू ०.०६. आपल्या सेमिनारला असा आकडा दाखवला तर मागच्या बाकावरून "नॉट सिग्निफिकंट!" असा आवाज येणारच. मला मात्र त्यात ५० चे १९ होतात हे जास्त महत्त्वाचं वाटतं. सोबत थांबली की संकल्पही ओसरतो.

हे सगळं मी वाचत होतो तेव्हा खोलीतच एक उदाहरण चालू होतं. हर्सूलला आम्ही चौघं राहतो. त्यातल्या एकाने दिवाळीनंतर सिगारेट सोडायचं ठरवलं. आम्ही उत्साहात रोज विचारायचो, "काय रे, आज कितवा दिवस?" आठव्या दिवशी तो वैतागला, "हजेरी घेताय का माझी? तुम्ही विचारता तेव्हाच आठवण येते." मग विचारणं बंद केलं आणि चार वाजताचा चहा टपरीऐवजी खोलीत करायला लागलो. गॅसचा खर्च वाढला, बाकी काही नाही. डिसेंबरात त्याचं प्रेझेंटेशन पुढे ढकललं गेलं, त्या रात्री त्याने दोन ओढल्या आणि सकाळी स्वतःच सांगितलं. कोणी काही बोललं नाही. त्याने १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनला फोन लावला, ती २०१६ पासून आहे, मराठीतही बोलतात. आता मार्च चाललाय. एका माणसावरून निष्कर्ष काढत नाहीत हे मला माहीत आहे. पण प्रोत्साहन म्हणजे चौकशी करणं नव्हे, हे मला पेपरांपेक्षा त्या आठव्या दिवशी जास्त कळलं. आणि हा फरक मोजायचा कसा, हा कोणाच्या तरी सिनॉप्सिसचा विषय होऊ शकतो.

आणखी एक विषय त्या कारखान्याच्या पेपरातच पडलाय. तिथे कंत्राटी कामगारही होते. त्यांच्यात तंबाखू वापरणारे ५६ टक्के, म्हणजे कायम कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त. आणि त्या वापरणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांच्या तोंडात कर्करोगपूर्व चट्टे सापडले. त्यांच्यासाठीही जागृतीचे कार्यक्रम झाले. पण कंत्राटी माणूस आज या गेटवर, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. वाळूज-चिकलठाण्याहून शिफ्ट संपवून टी पॉइंटला उतरणाऱ्यांत असे कितीतरी असतात. ज्या सहकाऱ्यांनी वर्षभर एकमेकांना धरून ठेवायचं, ते सहकारीच त्याला वर्षभर मिळत नाहीत. वर्षाअखेरचे ते ४० टक्के कायम कर्मचाऱ्यांचे आहेत.