गळ ओढणारी होडी व तिचें लहान इंजिन

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीचा, घंटांचा व पूर्वींच्या धर्मगुरूंचा इतिहास वाचावयास मिळेल अशी वाचकांची अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. तो इतिहास इतर लेखांत आला आहे. आम्हीं मात्र बुद्ध्याच निराळा विषय घेतला आहे. आमच्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरें समुद्रावर जगतात, आणि त्या घरांतील तरुण अलीकडे एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारीत असतात: सुरमईसाठीं गळ ओढीत जावयाचें, तर होडीला मागें एक लहानसें जादा इंजिन लावावें कीं नाहीं? प्रश्न पैशाचा आहे, कर्जाचा आहे, आणि वेळ पडली तर प्राणाचाही आहे. धर्मगुरूला इंजिनांतलें काय कळतें, असें कोणी म्हणेल. परंतु हाच प्रश्न दुसऱ्या समुद्रांवर व सरोवरांवर माणसांनीं शंभर वर्षांहून अधिक काळ सोडवीत आणला आहे, आणि तो इतिहास वाचून सांगणें आमच्या आवांक्याबाहेरचें नाहीं.

गळ ओढणें म्हणजे होडी चालती ठेवून तिच्यामागें दोरीच्या टोकाला आमिष किंवा चकाकणारा पत्रा पळता ठेवणें. वल्ह्यांनीं व शिडानें हें काम पिढ्यानपिढ्या चाललें. अमेरिकेंत ज्युलिओ ब्युएल नांवाच्या गृहस्थानें चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचें 1852 सालीं पेटंट घेतलें. होडींत बसून जेवतांना हातांतला चमचा सरोवरांत पडला, तो हेलकावे घेत बुडत असतां एका मोठ्या माशानें त्यावर झडप घातली, आणि तें पाहून त्यास ही युक्ति सुचली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यांतील निरीक्षण खरें आहे. मासा पत्र्याला भुलत नाहीं, पत्र्याच्या हालचालीला भुलतो. होडी फार हळू चालली तर पत्रा नुसता लोंबतो. फार जलद चालली तर गरगर फिरून दोरीला पीळ पाडतो. मधली जी गति तिच्यांतच मासा लागतो, आणि ती गति माशागणिक निराळी. उत्तर अमेरिकेंतील सॅमन मासा ताशीं दोन-अडीच मैलांच्या संथ चालीला लागतो. आमची सुरमई त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक वेगानें पळणाऱ्या आमिषामागें धांवते. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

होडीच्या मागच्या फळीला अडकवावें व काम झालें कीं काढून खांद्यावरून घरीं न्यावें, असें इंजिन करण्याची कल्पना एकट्याची नव्हे. कॅमेरॉन वॉटरमन या अमेरिकन गृहस्थानें 1905 सालीं डेट्रॉइट नदींत असें यंत्र चालवून पाहिलें व 1907 सालीं त्याचें पेटंट मिळविलें. परंतु तें सामान्य माणसापर्यंत पोंचविलें ओले एव्हिनरूड यानें. हा 1877 सालीं नॉर्वेंत जन्मला व पांच वर्षांचा असतां आईबापांबरोबर अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत आला. उन्हाळ्याच्या एका दिवशीं वाग्दत्त वधूसाठीं आइस्क्रीम आणावयास तो सरोवरापलीकडे वल्हवीत गेला आणि परत येईपर्यंत तें वितळून गेलें. त्या संतापांतून यंत्र जन्मास आलें, असें त्याच्या चरित्रांत हौसेनें सांगतात. 1909 सालीं त्यानें विक्री सुरू केली. तें पहिलें इंजिन दीड अश्वशक्तीचें होतें; वजन 62 पौंड, म्हणजे सुमारें 28 किलो, आणि किंमत 62 डॉलर. पत्नी बेस ही धंद्याचा पत्रव्यवहार व जाहिराती पाही; वल्हीं फेकून द्या, अशा अर्थाची जी जाहिरात गाजली ती तिचीच. न्यूयॉर्कच्या ओलुफ मिकेलसेन या व्यापाऱ्यानें हीं इंजिनें स्कँडिनेव्हियांतील मच्छीमारांकडे पाठविलीं, आणि नॉर्वेंतून गेलेल्या मुलाचें यंत्र अशा रीतीनें माहेरीं परत आलें. पुढें बेसची प्रकृति ढांसळल्यामुळें त्यानें धंदा सोडला. 1921 सालीं ॲल्युमिनियम वापरून हलकें व दोन सिलिंडरांचें नवें इंजिन घेऊन तो पुन्हां बाजारांत उतरला. बेस 1933 सालीं व ओले 1934 सालीं वारला.

येथपर्यंत प्रश्न सोपा होता: वल्हें कीं इंजिन? पुढें इंजिनें मोठीं झालीं आणि प्रश्नाचें तोंडच फिरलें. चाळीस, साठ, शंभर अश्वशक्तीचें इंजिन होडीला मासळीच्या जागीं झपाट्यानें नेई, पण तेथें पोंचल्यावर त्याला हळू चालतां येईना. जुन्या टू-स्ट्रोक जातीच्या इंजिनांत तेल पेट्रोलांतच मिसळावें लागे. मंद गतींत तें पुरतें जळत नसे, ठिणगीच्या प्लगांवर काजळी धरे आणि इंजिन बंद पडे. म्हणून गळ ओढणाऱ्यांनीं मोठ्या इंजिनाशेजारीं दुसरें लहान इंजिन टांगलें. अमेरिकेंत त्याला 'किकर' म्हणतात. तें बहुधा 9.9 अश्वशक्तीचें असतें, आणि या चमत्कारिक आंकड्याचें कारण यंत्रशास्त्रांत नसून कायद्यांत आहे: तेथें अनेक सरोवरांवर दहा अश्वशक्तीची मर्यादा आहे, म्हणून कारखानदार तिच्या एक दशांश खालीं थांबले. शांत पाण्यासाठीं विजेचें इंजिनही निघालें. उत्तर डकोटांतील फार्गो येथें ओ. जी. श्मिट यानें 1934 सालीं तें बनविलें. खाऱ्या पाण्यांत दिवसभर राबणाऱ्या मच्छीमाराला त्याचा उपयोग थोडा.

या जादा इंजिनाची खरी चाल पडली ती अमेरिकेच्या महासरोवरांवर. मिशिगन सरोवरांतील मूळचा मोठा मासा नाहींसा होत आल्यावर तेथील सरकारनें ऑरेगॉनहून कोहो सॅमनचीं अंडीं आणविलीं व 1966 सालच्या वसंतांत पिल्लें नद्यांत सोडलीं. 1967 च्या शरदांत मासे प्रचंड संख्येनें परतले, आणि त्यांच्या मागें हजारों माणसें हातीं लागेल ती होडी घेऊन धांवलीं. मोटारीच्या टपावरून आणलेल्या होड्या व डोंगीसुद्धां त्या अफाट पाण्यांत उतरलीं. 23 सप्टेंबर 1967 रोजीं वादळी वाऱ्याची सूचना लागली असतांही पुष्कळजण बाहेरच राहिले; प्लॅट उपसागराच्या बाजूस त्या दिवशीं सात मच्छीमार बुडून मेले. हा प्रसंग आम्ही कां सांगतों? जादा इंजिन म्हणजे जीवाची हमी, असा समज आमच्या तरुणांत आहे म्हणून. त्या दिवशीं माणसें मेलीं तीं होडी लहान, लाट मोठी आणि सूचनेकडे दुर्लक्ष यांमुळें. दहा अश्वशक्तीनें लाट कापली जात नाहीं. इंजिन बंद पडलें असतां दुसरें असणें हें एक. वारा उठला असतां बाहेर असणें हें दुसरें. पहिल्याचें औषध दुसऱ्याला लागू पडत नाहीं.

कांहींनीं हा प्रश्न उलट्या बाजूनेंही सोडविला आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅम्पबेल रिव्हर येथें 1924 सालीं स्थापन झालेल्या टायी क्लबाचा नियम असा, कीं वल्ह्यांनीं चालविलेल्या होडींतून किमान 30 पौंडांचा सॅमन जो पकडील तोच सभासद. इंजिन चालूं ठेवून धरलेला मासा धरला जात नाहीं. हौस म्हणून हें छान आहे. संध्याकाळीं मासळी विकून घरीं तांदूळ न्यावयाचे आहेत अशा माणसाला असा नियम घालून देण्याचा अधिकार कोणासही नाहीं, असें आम्हांस वाटतें.

त्या माणसाची कथा केरळांत घडली, आणि ती आम्हांला अधिक जवळची आहे. कारण 1544 च्या सुमारास संत फ्रान्सिस झेवियर ज्या किनाऱ्यावर फिरले, त्या त्रावणकोर-कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरील मच्छीमार बहुतांशीं आपल्याच धर्माचे आहेत. 1952 च्या ऑक्टोबरांत भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांचा करार होऊन क्विलॉनजवळ नींदकरा-शक्तिकुलंगरा येथें नॉर्वेच्या मदतीचें काम सुरू झालें. जुन्याच होड्यांत इंजिन बसवावें हा पहिला विचार होता. तो साधला नाहीं. उघड्या किनाऱ्यावर, फुटणाऱ्या लाटांतून वाळूवर ओढून आणावयाच्या होडीच्या पोटांत इंजिन आणि खालीं कायमचा पंखा, हा मेळ बसण्याजोगा नव्हता. मग नव्या धर्तीच्या नौका आल्या, आणि कोळंबीची परदेशीं मागणी वाढतांच त्या तळ खरवडणाऱ्या जाळ्यांकडे वळल्या. जुन्या होडीचा मालक जेथें होता तेथेंच राहिला. शिवाय त्याच्या दाराजवळची मासळी आतां यांत्रिक नौका नेऊं लागल्या.

या कोंडींतून 1980 च्या सुमारास त्यानें मागें टांगण्याचें इंजिन घेतलें. तें वाळूजवळ येतांच वर उचलतां येई, ही गोष्ट निर्णायक ठरली. त्याच सुमारास कन्याकुमारीकडील मुट्टम येथें बेल्जियमहून आलेले पिएर गिले व त्यांचे सहकारी यांनीं प्लायवुडाच्या हलक्या होड्या तयार केल्या. मोठी झाडें दुर्मिळ झाल्यामुळें कोरींव होड्या परवडत नाहींशा झाल्या होत्या. 1985 सालीं गिले यांनीं या खटाटोपाची हकीकत 'स्मॉल इज डिफिकल्ट' या पुस्तकांत लिहिली. लहान गोष्ट हीच अवघड, असा त्या नांवाचा आशय. आणि तो आम्हांस पटतो.

इंजिनें जपानी होतीं; पेट्रोलवर सुरू करावयाचीं व मग रॉकेलवर चालवावयाचीं. आरंभीं सात-आठ अश्वशक्ति पुरे होती. पण शेजाऱ्यानें दहाचें घेतलें म्हणून आपणही, त्यानें पंचवीसचें घेतलें म्हणून आपणही, अशी चढाओढ लागली. मोठ्या वेढजाळ्याच्या होड्यांवर दोन-दोन, तीन-तीन इंजिनें टांगलीं गेलीं. मासळी त्या प्रमाणांत वाढली नाहीं. रॉकेलाचा खर्च मात्र वाढला, आणि सवलतीचें रॉकेल सरकारकडून किती मिळेल यावर घराचा संसार अवलंबून राहूं लागला. इंजिन विकून टाकून शिडाकडे परत जावें, तर मासळीच किनाऱ्यापासून दूर गेली होती. 1988 सालीं केरळ सरकारनें पावसाळ्यांत यांत्रिक नौकांची तळ खरवडणारी मासेमारी प्रथम बंद ठेविली. त्यामागें या लहान होडीवाल्यांची, व त्यांच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या कित्येक धर्मगुरूंची व धर्मभगिनींची, दीर्घ चळवळ होती.

या चढाओढींत एक साधें गणित विसरलें जातें. पाणी कापीत जाणाऱ्या जड होडीचा वेग दुप्पट करावयाचा, तर शक्ति दुप्पट लागत नाहीं, सुमारें आठपट लागते. शिवाय पाण्याला टेंकलेली लांबी 20 फूट असेल, तर तिला ताशीं सहा नॉटपलीकडे नेणें म्हणजे स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढत राहणें होय. तेल जळतें, होडी फारशी हलत नाहीं.

आतां आमच्या किनाऱ्याचें काय? येथें यंत्र निराळ्या वाटेनें आलें. डोलीच्या व मोठ्या जाळ्यांच्या नौकांच्या पोटांत डिझेल इंजिन बसलें. डिझेल इंजिनास ठिणगीचा प्लग नसतो. म्हणजे मिशिगनच्या माणसानें ज्या कारणास्तव दुसरें इंजिन घेतलें, तें कारणच येथें उरत नाहीं. दुसरें असें, कीं सुरमईला मंद चाल नको आहे. तिला हवा तो वेग मोठें इंजिन विनासायास देतें. तेव्हां डिझेल नौकेच्या तांडेलानें केवळ गळ ओढण्यासाठीं लहान इंजिन घेणें म्हणजे परक्याच्या रोगावर आपण औषध पिणें होय. संकटकाळीं उपयोग, म्हणाल तर तोही मर्यादित. आमच्याकडे उधाणाची भरती-ओहोटी चार मीटरांहून अधिक असते व खाडीच्या तोंडाशीं ओढ जबर असते. भरलेली लांकडी नौका त्या ओढीविरुद्ध 9.9 अश्वशक्तीनें आणणें कठीण. तेथें चांगला नांगर, पुरेसा दोर व बिनतारी यंत्र यांवर केलेला खर्च अधिक कामाचा.

दोघां-तिघांच्या हलक्या होडीची गोष्ट निराळी. जिला आज नुसतीं वल्हीं आहेत, किंवा मागें टांगलेलें एकच जुनें टू-स्ट्रोक इंजिन आहे, तिला लहान चार-स्ट्रोक इंजिनाचा उपयोग आहे. तें मंद चालतें, काजळी धरीत नाहीं, तेल कमी खातें, आणि पहिलें दगा देईल तर हलकी होडी परत आणण्याइतकी ताकद त्याच्यांत असते. पण वजन चाळीस-पन्नास किलो असतें व तें सगळें मागच्या फळीवर पडतें. फळी व तिचे सांधे सुताराकडून आधीं तपासून घ्यावे, आणि टाकी व सामान पुढें सरकवावें. महिनोन्‌महिने झांकून ठेवलेलें इंजिन ऐन वेळीं सुरू होत नाहीं, म्हणून तें दर फेरींत थोडा वेळ चालविलेंच पाहिजे व नंतर गोड्या पाण्यानें धुतलेंच पाहिजे. हें ज्याच्याकडून होणार नाहीं, त्यानें पैसे घालूं नयेत.

कर्ज काढण्यापूर्वीं दोन घरांनीं मिळून एक इंजिन भाड्यानें किंवा उसनें आणून एक हंगाम चालवावें, आणि दर फेरीचें तेल व दर फेरीची सुरमई एका वहींत लिहावी. ती वही घरांतल्या बाईमाणसांच्या हातीं असावी, कारण बाजारांतला भाव त्यांना ठाऊक असतो. विकत घेण्याचें ठरल्यास रिकाम्या होडीवर इंजिन पाहून समाधान मानूं नये. होडी भरून, ओहोटीच्या वेळीं, खाडीच्या तोंडाशीं तें चालवून दाखवावयास विकणाऱ्यास सांगावें. वल्हीं त्या दिवशीं व नंतरही होडींतच असावीं.