कोरड्यास

या दिवाळीत सोलापूरला गेले तेव्हा आईचा रक्ताचा रिपोर्ट नुकताच आला होता. हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि 'जरा खाण्याकडे बघा' म्हणाले. झालं! भावाने त्याच संध्याकाळी क्विनोआ, चिया आणि कसलीशी पावडर मागवली. आईने क्विनोआचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे काय, मिलो आहे का?"

आम्ही दोघं हसलो. पण त्या प्रश्नाने मी पार १९७२ पर्यंत जाऊन पोचले, म्हणून हे लिहायला घेतलं.

बहात्तरच्या दुष्काळात आई नऊ वर्षांची होती. तेव्हा रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिचं नाव मिलो. थापताना फाटायची म्हणे, आणि गिळताना मालदांडीची आठवण यायची! आजी खडी फोडायला जायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती, त्यातली ती एक. कामावर सुकडी वाटायचे. आजी ती पदरात बांधून घरी आणायची आणि मुलांना द्यायची. आई हे फार कौतुकाने सांगते. स्वतः आजीने काय खाल्लं, हे मात्र त्या गोष्टीत कधीच येत नाही.

मग मी सवयीप्रमाणे आणखी मागे गेले. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात सोलापूर जिल्हा फार भाजून निघाला. तेव्हा सरकारने सर रिचर्ड टेंपलना पाठवलं. त्यांनी ठरवलं की मजुराला दिवसाला एक रत्तल, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे सुटे पैसे पुरेत. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, धान्य दीड रत्तल तरी हवंच, शिवाय त्याच्याबरोबर डाळ आणि भाजी हवी. नुसत्या धान्यावर दिवसभर माती उपसणारं शरीर टिकत नाही. मुंबई इलाख्यात एवढ्याशा मजुरीवर राबण्यापेक्षा हजारो माणसं कामं सोडून निघून गेली. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवत होती. पुढे टेंपलनी ठरवलेली मजुरी थोडी वाढवावी लागली. आणि त्याच साली, १८७७ मध्ये, ते मुंबईचे गव्हर्नरही झाले!

म्हणजे भांडण भाकरीचं होतंच, पण तितकंच ते कोरड्यासाचंही होतं. पुण्याच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे भाकरीशी जे काही लावून खायचं ते कोरड्यास.

ज्वारी गुणी आहे यात शंकाच नाही. मोहोळच्या केंद्रावर गावरान वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ गेली कित्येक दशकं आमच्या काळ्या रानात नुसत्या ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शंभर ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम प्रथिनं असतात, पण त्यात लायसिन कमी. ते डाळीत भरपूर. तिळात शंभर ग्रॅमला बाराशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. भाकरी, तुरीचं वरण, पालेभाजी आणि कारळ्या-तिळाची चटणी एका ताटात आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वेळ अमावास्येची भज्जी तर डाळी आणि भाज्यांचं संमेलनच!

आता कुणी म्हणेल, मग बाहेरचं कशाला हवं? तर आपली जगप्रसिद्ध शेंगाचटणी घ्या. तिच्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातली. क्विनोआचं गावही त्याच बाजूला. त्यामुळे परकं म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. आणि 'सुपरफूड' हा शब्द? तो गाजवला शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत केळी विकणाऱ्या युनायटेड फ्रूट कंपनीने. म्हणजे त्यांचं सुपरफूड होतं आपलं केळं!

हे सगळं भावाला ऐकवत जेवायला बसले आणि सहज आईच्या ताटाकडे लक्ष गेलं. एक भाकरी, चटणी, दही. वरण संपलं होतं. मेथी आम्ही दोघांनीच संपवली होती. आई आजीसारखीच सगळ्यात शेवटी बसली होती. घरात ज्वारी होती, डाळ होती, तीळ होते. कोरड्यास तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच. आणि हे आम्ही दोघांनी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आईचं ताट आधी वाढायला सुरुवात केली. वरणावर लिंबू, पालेभाजी रोज, आणि जेवणावरचा चहा तासभर पुढे, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. गोळ्या चालू आहेतच. पहिले दोन दिवस ती संकोचून नीट जेवलीच नाही. "तुमचं होऊ दे की आधी," हेच चालू होतं. तिसऱ्या दिवशी मात्र तिने स्वतःहून वरण मागून घेतलं.

क्विनोआ भावाने उपम्यासारखा केला. आई म्हणाली, मिलोपेक्षा बरा आहे.

असो. मामा, मावशी, तुम्ही हे वाचाल तेव्हा आजी बहात्तरात स्वतः काय खायची ते आठवलं तर नक्की कळवा. आणि बाकीच्यांनो, आज रात्री तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवलं?