मोजून घातलेले टाके

इलकल, म्हणजे आपल्या तोंडातलं इरकल, आज बागलकोट जिल्ह्यात आहे. आमच्या आज्जीच्या लेखी मात्र ते शेवटपर्यंत विजापुराकडंच राहिलं. बागलकोट जिल्हा झाला १९९७ साली. त्याच्याही आधी, १९५६ पर्यंत, धारवाड, विजापूर, बेळगाव हे सगळे जिल्हे मुंबई राज्यातच होते. तेव्हा सोयरिकी आणि लुगडी दोन्हीकडून ये-जा करायची. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या बायका इरकली लुगडं नेसायच्या, वर गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. आज्जी धारवाडकडची. सासरी येताना ती आणखी एक गोष्ट घेऊन आली, ती म्हणजे कसुती.

कसुती म्हणजे लुगड्यावरचा हाताचा कशिदा. कन्नडमध्ये ‘कै’ म्हणजे हात आणि त्याला सुताची जोड, असा या शब्दाचा अर्थ सांगतात. कापडावर पेन्सिलीनं रेघ मारायची नाही, ठसा उठवायचा नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या हिशेबानं सुई घालायची. सुरुवातीला गाठ नाही, शेवटालाही नाही. आज्जी टाके मोजायची कन्नडमध्ये आणि आम्ही गलका केला की रागवायची मराठीत. “गप बसा रं, माझी मोजणी चुकती!”

टाके चारच. गवंतीत धागा एक टाका वर, एक खाली असा पुढं जातो आणि माघारी येताना रिकाम्या जागा भरत येतो. त्यामुळं उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मुर्गीचा टाका पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. तोही दोन्हीकडून सारखा. नेगी विणल्यासारखी दिसते. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यांसारखा दाट. त्यानं नक्षीची पोटं भरायची. गवंती घालताना सुई कुठून जाणार आणि कुठून परत येणार, ही सगळी वाट आधी डोक्यात लागते. मध्ये वाट चुकली तर मागची बाजू लगेच चुगली करते.

नक्षी काढायची ती रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टींची. देवळाचं गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर. पदराजवळ मोठी नक्षी, अंगावर वर सरकत गेलं की बारीक आणि विरळ होत जाणारी. तिकडं नवरीला काळी चंद्रकळा आणि तिच्यावर कसुती हवीच असायची. आपल्याकडंही पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा नेसवतात. पण तिच्यावर असा कशिदा असेलच असं नाही. आज्जीला अक्षर येत नव्हतं. तरी अख्खा रथ तिला टाक्यांच्या आकड्यांत पाठ होता. तिच्या आईनं तो तिला तसाच दिला होता, आकड्यांत.

मग ही कला घराघरातून कमी का झाली? लोक म्हणतात, पोरी शाळेत गेल्या, त्यांना वेळ राहिला नाही. ते खरं आहेच. पण आज्जीचं कारण वेगळं होतं. आईनं पहिल्यांदा नायलॉनचं पातळ आणलं तेव्हा आज्जीनं ते बोटांत धरलं, उजेडाकडं केलं आणि म्हणाली, “ह्यात मोजू काय? धागाच घावत नाही.” हातमागाच्या कापडाचा धागा सुईच्या टोकाला लागतो. घट्ट आणि गुळगुळीत कापडात तो मोजता येत नाही. बायका कसुती विसरायच्या आधीच अंगावरचं कापड बदललं होतं.

कारागीर बायकांनी यावर उपाय काढला. कापडावर जाळीचं कापड टाचायचं, जाळीची भोकं मोजून भरायचं आणि काम झालं की जाळीचा एकेक धागा ओढून काढायचा. म्हणून आज रेशमी साडीवर, ओढणीवर, कुडत्यावरही कसुती दिसते. कसुतीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण तिच्या शेजारीच छापील नक्षीची साडी त्याच नावानं टांगलेली असते आणि स्वस्त असते. गिऱ्हाईक दोन्हींच्या किमती बघून “एवढी महाग?” म्हणतं, तेव्हा त्यात कुणाचे तरी कित्येक दिवस आणि कुणाची तरी नजर गेलेली असते, हे दुकानात कोण सांगणार?

आज्जी साडी पारखायची ती पदर उलटा करून. गवंती-मुर्गीचं काम असेल तर मागंही तोच रथ, तीच पालखी दिसली पाहिजे आणि कुठं गाठ हाताला लागता कामा नये. नेगी-मेंथीची मागची बाजू वेगळी असते, ते धरून चालायचं. आता मी दुकानात गेलो की हेच करतो. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो. घालू दे. हाताचं काम असलं, तर मग मी घासाघीस करत नाही.